बिनतारीचा दर आणि केबलची छाया : १९२८ च्या साम्राज्य-परिषदेच्या अहवालाची चिकित्सा

आपल्या त्रैमासिकाच्या पृष्ठांवर बखरी, महजर, निवाडपत्रें आणि ताम्रपट यांची चिकित्सा नेहमींच होत असते. तीच पद्धति एका छापील सरकारी अहवालास लावलेली पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. परंतु निवाडपत्र व अहवाल हे एकाच जातीचे कागद होत. दोहोंत वाद असतो, पक्ष असतात, निर्णय असतो. आणि निर्णय लिहिणारानें प्रश्न कोणत्या शब्दांत मांडून घेतला, यावर उत्तराचा अर्धा भाग अवलंबून असतो. शिवाय प्रस्तुत वादाचा एक साक्षीदार पुण्याच्या अगदीं जवळचा आहे. खडकी व दौंड येथील केंद्रांच्या द्वारें १९२७ सालीं हिंदुस्थानचा इंग्लंडशीं थेट बिनतारी व्यवहार सुरू झाला, आणि साम्राज्यांतील केबल कंपन्यांस हादरविणाऱ्या दरयुद्धांत त्यानें आपला वांटा उचलला. या दरयुद्धाचा निकाल लावण्यासाठीं १९२८ च्या जानेवारींत लंडन येथें साम्राज्य बिनतारी व केबल परिषद भरली. सर जॉन गिलमूर हे तिचे अध्यक्ष होते, व त्याच वर्षाच्या जुलैंत तिचा अहवाल तयार झाला. त्याची चिकित्सा हा या लेखाचा विषय आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, वाद दराचा होता आणि निवाडा मालकीचा झाला. शब्दाला किती पैसे घेणें न्याय्य, हा मूळ प्रश्न त्या निवाड्याच्या आड गेला, आणि ज्याच्या खिशांतून ते पैसे जात तो तार पाठविणारा मनुष्य वादांत पक्षकार म्हणून कधीं उभाच राहिला नाहीं.

१. केबलच्या दराची पूर्वपीठिका

१८६५ सालीं इराणी आखाताच्या मार्गानें हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्यें तारेचा व्यवहार सुरू झाला, तेव्हां वीस शब्दांच्या तारेस पांच पौंड पडत. म्हणजे शब्दाला पांच शिलिंग. १८७० सालीं सुएझ व एडन यांच्या मार्गें मुंबईस थेट समुद्री तार येऊन पोहोंचली. १८७२ सालीं जॉन पेंडर यांनीं या मार्गावरील निरनिराळ्या कंपन्या एकत्र करून ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी स्थापिली, आणि पुढें सुमारें अर्धशतकभर पूर्वेकडील समुद्री तारांवर तिचें व तिच्या भगिनी-कंपन्यांचें प्रभुत्व राहिलें. दर उतरत गेला, पण संथपणें. १९०२ सालीं तो शब्दाला अडीच शिलिंग झाला, १९०५ सालीं दोन शिलिंग, आणि बिनतारीचा प्रतिस्पर्धी प्रत्यक्ष उभा राहिला त्या वेळीं तो १ शिलिंग ८ पेन्स होता.

या एकाधिकारास पहिला शह एका सरकारी केबलनेंच दिला होता. १९०२ सालीं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडपर्यंत पॅसिफिक केबल टाकली गेली. तिची मालकी चार सरकारांची होती. अठरा हिश्श्यांपैकीं पांच ब्रिटनचे, पांच कॅनडाचे, सहा ऑस्ट्रेलियाचे व दोन न्यूझीलंडचे, अशी तिची वांटणी होती. हा हिश्श्यांचा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील विवेचनांत त्याचें काम पडणार आहे.

२. बीमचा उदय

साम्राज्यभर बिनतारी केंद्रांची सांखळी उभारावी, ही कल्पना मार्कोनी कंपनीनें १९१० सालींच मांडली होती. राजकीय वादंगें व महायुद्ध यांमुळें ती चौदा वर्षें रेंगाळली. दरम्यान शास्त्र पुढें गेलें. लघुलहरी एकाच दिशेनें झोताप्रमाणें सोडण्याची बीम-पद्धति सिद्ध झाली, आणि अवाढव्य शक्तीच्या दीर्घलहरी केंद्रांची आवश्यकता उरली नाहीं. १९२४ च्या जुलैंत ब्रिटिश टपाल खातें व मार्कोनी कंपनी यांच्यामध्यें करार झाला. त्यांतील अटी मननीय आहेत. प्रत्येक मार्गावर मिनिटाला शंभर शब्द जाण्याची हमी कंपनीनें द्यावयाची होती, आणि तीहि दिवसाच्या सरासरी ठराविक तासांपुरती : कॅनडा अठरा तास, हिंदुस्थान बारा, दक्षिण आफ्रिका अकरा, ऑस्ट्रेलिया सात. मिळकतीवर शेंकडा सव्वासहा इतकें स्वामित्वशुल्क कंपनीस मिळावयाचें होतें.

कॅनडाचा मार्ग २५ ऑक्टोबर १९२६ रोजीं, ऑस्ट्रेलियाचा ८ एप्रिल १९२७ रोजीं आणि दक्षिण आफ्रिकेचा ५ जुलै १९२७ रोजीं खुला झाला. हिंदुस्थानच्या मार्गासंबंधानें दोन तारखा आढळतात, आणि संग्राहकांचा घोंटाळा होऊं नये म्हणून त्यांचा उलगडा करणें इष्ट आहे. २३ जुलै १९२७ ही समारंभाची तारीख होय. त्या दिवशीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन व बादशहा पंचम जॉर्ज यांच्यामध्यें संदेशांची देवघेव झाली. ६ सप्टेंबर १९२७ ही लोकांसाठीं सेवा खुली झाल्याची तारीख होय. अर्थात् दोन्ही तारखा आपापल्या ठिकाणीं बरोबर आहेत. त्या एकाच घटनेच्या मानल्या कीं दोन्ही चुकतात.

आणखी एक भेद सांगितला पाहिजे. ब्रिटनमधील बीम-केंद्रें टपाल खात्याच्या, म्हणजे सरकारच्या मालकीचीं होतीं. हिंदुस्थानच्या बाजूचीं केंद्रें मात्र मुंबईच्या इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीच्या हातीं होतीं.

३. दरांचें प्रमाण

आतां प्रत्यक्ष दरांकडे वळूं. कॅनडाचा मार्ग बाजूस ठेवितों, कारण अटलांटिकमध्यें अमेरिकन केबल कंपन्यांची चुरस आधींपासूनच होती व तेथील दरांवर तिचा परिणाम झालेला होता. उरलेल्या तीन मार्गांवर बीम सुरू होतांना शब्दाचे पूर्ण दर असे होते :

ऑस्ट्रेलिया : केबल २ शिलिंग ६ पेन्स, बीम १ शिलिंग ८ पेन्स.
दक्षिण आफ्रिका : केबल २ शिलिंग, बीम १ शिलिंग ४ पेन्स.
हिंदुस्थान : केबल १ शिलिंग ८ पेन्स, बीम १ शिलिंग १ पेनी.

हे आंकडे सुटे वाचले असतां प्रत्येक ठिकाणीं बिनतारी स्वस्त, एवढाच बोध होतो. परंतु शाळेंतील त्रैराशिकाची संवय असलेल्या मनुष्यानें त्यांचे पेन्स करून पाहावे. ऑस्ट्रेलिया तीस व वीस. दक्षिण आफ्रिका चोवीस व सोळा. हिंदुस्थान वीस व तेरा. पहिल्या दोन ठिकाणीं प्रमाण बरोबर दोन-तृतीयांश आहे. तिसऱ्या ठिकाणीं दोन-तृतीयांश म्हणजे तेरा पूर्णांक एक-तृतीयांश पेन्स होतात, आणि अपूर्णांक सोडला कीं तेरा उरतात. तीन मार्ग, तीन निरनिराळीं अंतरें, हमीचे तास सात, अकरा व बारा इतके भिन्न. आणि तरीहि प्रमाण एकच.

यावरून निघणारें अनुमान टाळतां येत नाहीं. बीमचा दर बीमच्या खर्चावरून काढला असता, तर तो तीन ठिकाणीं केबलच्या दराशीं एकाच प्रमाणांत येण्याचें कारण नव्हतें. तो केबलचा दर समोर ठेवून, त्यांतून एक-तृतीयांश वजा करून काढलेला आहे. केबलचा दर मूळ आणि बीमचा दर तिची छाया. छाया आंखूड पडली म्हणून मूळ वस्तूची खरी उंची समजली, असें होत नाहीं.

या व्यवसायांत शब्दामागचा खर्च असा वेगळा दाखविणें कठिणच असतें. हिंदुस्थानच्या मार्गावर मिनिटाला शंभर शब्द व दिवसाला बारा तास धरले, तर एका दिशेनें ७२,००० शब्द दररोज जाऊं शकत. यंत्रें, मनोरे, नोकरवर्ग यांचा खर्च सात हजार शब्द गेले काय आणि सत्तर हजार गेले काय, जवळजवळ तेवढाच. केबलचीहि गोष्ट तीच. तिचें भांडवल मात्र समुद्राच्या तळाशीं गुंतलेलें असल्यामुळें पुष्कळच अधिक. अशा व्यवसायांत दर हा हिशेबांतून आपोआप गळून पडत नाहीं. तो कोणीतरी ठरवितो. म्हणूनच तो कोणी ठरविला हा इतिहासाचा प्रश्न आहे.

४. पूर्वपक्ष

परिषदेची बाजू प्रथम प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. बीम सुरू होतांच तारांचा मोठा ओघ केबलवरून तिच्याकडे वळला. केबल कंपन्यांनीं दर उतरविले, तरी हा ओघ थांबेना. ईस्टर्नच्या मंडळींपाशीं मोठी गंगाजळी होती. धंदा आंवरता घेऊन ती भागधारकांत वांटून टाकणें त्यांना अशक्य नव्हतें. तसें झालें असतें तर साम्राज्याच्या समुद्री तारा वाऱ्यावर पडल्या असत्या. बिनतारी संदेश कोणासहि ऐकतां येतो, केबलवरील ऐकणें दुष्कर. लघुलहरी हवामानाच्या व सूर्यावरील घडामोडींच्या लहरीवर, केबल अहोरात्र तयार. युद्धप्रसंगीं केबल नसणें धोक्याचें, म्हणून ती राखलीच पाहिजे. आणि मोकळ्या स्पर्धेंत ती राहात नाहीं, म्हणून स्पर्धाच मिटविली पाहिजे. असा हा पूर्वपक्ष आहे, आणि तो दुर्बल नाहीं.

त्यास अनुसरून अहवालानें सुचविलें तें असें. केबल कंपन्या व मार्कोनी कंपनी यांचें एकीकरण व्हावें. सर्व दळणवळण चालविण्यासाठीं तीन कोटी पौंड भांडवलाची एक कंपनी असावी. पॅसिफिक केबलसह सरकारी केबली तिला विकाव्या. टपाल खात्याचीं बीम-केंद्रें तिला पंचवीस वर्षांच्या पट्ट्यानें, वर्षाला अडीच लक्ष पौंड भाड्यानें द्यावीं. दरांवर देखरेख ठेवण्यास सल्लागार समिति असावी आणि तिच्या संमतीवांचून दर वाढवूं नये. १८,६५,००० पौंड हें प्रमाणभूत निव्वळ उत्पन्न धरावें, व त्याहून जें अधिक होईल त्यांतील निम्मा भाग दर उतरविण्याकडे लावावा.

५. उत्तरपक्ष

पहिला आक्षेप प्रश्नाच्या वाक्यरचनेवरच आहे. परिषदेकडे सोंपविलेल्या कामाचा आशय असा होता कीं, बीम बिनतारीच्या केबलशीं झालेल्या स्पर्धेमुळें जी परिस्थिति उद्भवली आहे तिची तपासणी करावी आणि निरनिराळ्या सरकारांसाठीं समाईक धोरण सुचवावें. संस्कृत व्याकरणाच्या विद्यार्थ्यानें येथें सहज विचारावें : क्रिया आहे, पण कर्ता कोठें आहे? परिस्थिति उद्भवली, जणूं पाऊस पडला. वस्तुतः बीम-केंद्रांचा ब्रिटनमधील धनी टपाल खातें होतें, आणि त्याच्या संमतीवांचून कोणताहि दर ठरणें शक्य नव्हतें. केबलच्या दरांत एक-तृतीयांश कपात करणारा कर्ता त्या वाक्यांत नाहीं, आणि कर्ता लोपला कीं त्यास जाब विचारणेंहि लोपतें. वाद लावणाराच्या हातीं वादाचा मसुदा असला म्हणजे असें होतें, हें निवाडपत्रांच्या अभ्यासकांस नव्यानें सांगावयास नको.

दुसरा आक्षेप पक्षकारांसंबंधानें. बीमनें ओघ ओढला तो केवळ ईस्टर्नचाच नव्हे, तर पॅसिफिक केबलचाहि. आणि त्या केबलच्या अठरांपैकीं पांच हिस्से ब्रिटिश सरकारचेच. म्हणजे डाव्या हातानें उजव्या हाताचा व्यवसाय तोडला, आणि मग दोन हातांचें भांडण मिटविण्यास परिषद बोलाविली. भाऊबंदकींत वाडा वांटून घेतात. येथें उलट, न वांटलेला वाडा तिऱ्हाइतास विकून भाऊबंदकी मिटविण्यांत आली. स्वस्त सेवेचा धनी असलेल्या सरकारास दुसराहि मार्ग मोकळा होता : दर आपल्या हातीं राखून, युद्धासाठीं म्हणून जी केबल ठेवावयाची तिचा खर्च युद्धखर्चांत उघडपणें दाखविणें. त्याऐवजीं तो खर्च तारेच्या प्रत्येक शब्दावर अदृश्य रीतीनें बसला. संरक्षणाचा बोजा करदात्यानें सोसावा कीं आईच्या आजाराची तार करणारानें, हा साधा प्रश्न मालकीच्या तडजोडींत मागें पडला.

तिसरा आक्षेप संरक्षणाच्या युक्तिवादावर. केबल सुरक्षित व बिनतारी असुरक्षित, ही विभागणी इतकी सरळ नाहीं. २२ सप्टेंबर १९१४ रोजीं मद्रासवर तोफा डागणाऱ्या एम्डेन या जर्मन युद्धनौकेनें त्याच वर्षीं ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांवरील केबल-केंद्रावर माणसें उतरविलीं, यंत्रें फोडलीं व केबल तोडली. परंतु त्या केंद्रावरील बिनतारी यंत्रानें मदतीची हांक आधींच दिली होती. ती ऐकून सिडनी ही ऑस्ट्रेलियन युद्धनौका धांवून आली आणि एम्डेनचा शेवट झाला. अर्थात् या एका उदाहरणावरून केबल निरुपयोगी ठरत नाहीं. दोन्ही साधनें एकमेकांस पूरक आहेत, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. पण पूरक साधनें ठेवावयाचीं म्हणून दोहोंचा दर एकाच मालकाच्या हातीं द्यावयास हवा, हें त्यावरून निघत नाहीं.

चवथा आक्षेप सर्वांत गंभीर, कारण तो फलाचा आहे. तार पाठविणारास जो लाभ देऊं केला तो प्रमाणभूत उत्पन्नाच्या वर जें उरेल त्याच्या निम्म्यांतून. तीन कोटींच्या भांडवलावर १८,६५,००० म्हणजे शेंकडा सहाहून किंचित् अधिक. आधीं भांडवलाचें पोट भरावयाचें आणि सांडेल त्यांतील अर्धें ग्राहकास, असा हा क्रम. ही कंपनी १९२९ सालीं स्थापन झाली आणि त्याच वर्षाअखेर जगव्यापी मंदी आली. प्रमाणभूत उत्पन्नाचा आंकडा गांठलाच गेला नाहीं. आणि १९३८ सालीं तो बारा लक्षांवर उतरवावा लागला. सांडलें कांहींच नाहीं, तेव्हां अर्धें कशाचें? कलम अहवालांत शोभून दिसलें. व्यवहारांत तें वंध्य ठरलें.

६. हिंदुस्थानापुरता निष्कर्ष

१९३४ सालीं या कंपनीचें नांव केबल अँड वायरलेस असें झालें. १९३८ सालीं साम्राज्यांत सर्वत्र शब्दाला जास्तींत जास्त १ शिलिंग ३ पेन्स असा सपाट दर जाहीर झाला. ऑस्ट्रेलियाच्या मार्गावर जेथें बारा वर्षांपूर्वीं अडीच शिलिंग पडत तेथें ही सवलत मोठीच होती, आणि तिचें श्रेय नाकारूं नये. परंतु हिंदुस्थानच्या मार्गावरील १९२७ चा बीमचा दर १ शिलिंग १ पेनी होता. म्हणजे अकरा वर्षांनंतरची साम्राज्यव्यापी मर्यादा त्याहून दोन पेन्सांनीं वरच होती. ज्या मार्गावर स्पर्धेनें एका वर्षांत जें साधलें, त्याच्या खालीं जाण्याचें वचन एकीकरणास अकरा वर्षांतहि देतां आलें नाहीं.

ही रक्कम क्षुल्लक म्हणून सोडून देतां येणार नाहीं. रुपयाचा भाव १९२७ सालीं कायद्यानें १ शिलिंग ६ पेन्स ठरला. त्या भावानें केबलचा शब्द सुमारें एक रुपया पावणेदोन आण्यांस आणि बीमचा शब्द सुमारें साडेअकरा आण्यांस पडतो. वीस शब्दांच्या तारेंत ११ शिलिंग ८ पेन्सांचें, म्हणजे पावणेआठ रुपयांहून अधिक अंतर येतें. दररोज कापसाचे भाव मागविणाऱ्या मुंबईच्या पेढीस त्याचा अर्थ चांगलाच समजत असला पाहिजे.

पुढें हिंदुस्थानांतहि तोच क्रम घडला. १९३२ सालीं बिनतारी व केबल एकत्र येऊन इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी झाली, आणि १ जानेवारी १९४७ पासून ती सरकारनें आपल्या ताब्यांत घेतली. त्याच दिवशीं ब्रिटनमधील मूळ कंपनीहि तेथील सरकारच्या मालकीची झाली. सरकारच्या हातून जें १९२९ सालीं गेलें तें अठरा वर्षांनीं सरकारकडे परत आलें. मधल्या काळांत बसलेला भुर्दंड मात्र कोणाकडे परत गेला नाहीं.

अहवालकारांवर लबाडीचा आरोप करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांच्यापुढें आलेलें संकट खरें होतें, आणि केबलींचें जाळें मोडूं दिलें नाहीं ही त्यांची दूरदृष्टि मान्य केली पाहिजे. आज आंतरखंडीय दळणवळणाचा फार मोठा भाग पुन्हा समुद्रतळाच्या केबलींतूनच, आतां कांचेच्या तंतूंवरून, चालतो. दोष एवढाच कीं, साधनाचें रक्षण आणि दराचा न्याय हे दोन भिन्न प्रश्न त्यांनीं एकाच उत्तरांत बांधले, आणि गांठ मारतांना दुसरा प्रश्न आंत दबला.

७. संग्राहकांस विनंति

शेवटीं आपल्या वाचकवर्गास एक विनंति आहे. भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. तेव्हांपासून तारेचे कागद पुराणवस्तु झाले आहेत, तरी त्यांस अद्याप तसा मान नाहीं. जुन्या पेढ्यांचीं दप्तरें आपल्या हातीं येतात त्यांत वह्या, हुंड्या, पत्रें वेगळीं काढून परदेशी तारांचीं पानें रद्दींत टाकलीं जातात. असें करूं नये. पोथीच्या पुष्पिकेंत लेखक, स्थळ व काळ सांपडतात, तसें तारेच्या शिरोभागीं प्रेषणस्थान, शब्दसंख्या, तारीख व वेळ हें सर्व असतें. आणि कित्येकदां ‘व्हाया बीम’ किंवा ‘व्हाया ईस्टर्न’ असा मार्गहि नोंदलेला असतो. एकाच पेढीच्या १९२६ ते १९३० च्या तारा क्रमानें लावल्या, तर धन्यानें कोणत्या महिन्यांत केबल सोडून बीम धरली हें डोळ्यांनीं दिसेल. लगतच्या खर्चाच्या वहींत त्या तारेचे पैसे मांडलेले असले, तर छापील दर व प्रत्यक्ष आकार यांचा मेळहि घालतां येईल.

सांकेतिक शब्दांच्या तारांस निरर्थक समजूं नये. वैयाकरणांस अर्ध्या मात्रेच्या लाघवाचें जें अप्रूप, तेंच व्यापाऱ्यास एका शब्दाच्या लाघवाचें होतें. कारण प्रत्येक शब्दाला रोख मोल होतें. एका कृत्रिम शब्दांत संबंध वाक्य कोंबणारे संकेतकोश त्यांतूनच निपजले. तो संकेतकोश दप्तरांत असल्यास तारांपासून तो वेगळा करूं नये. टीका गेली कीं सूत्र मुकें होतें.

अहवाल राजधानींत लिहिले गेले आणि ते तेथें सुरक्षित आहेत. परंतु ज्यानें शब्दामागें पैसे मोजले त्याची बाजू अहवालांत नाहीं. ती असलीच तर आपल्याकडील कापडी बासनांत, पिंवळ्या पडलेल्या पानांवर आहे. तीं पानें जपलीं गेलीं तरच या वादाचा फेरनिवाडा, आणि तोहि साऱ्या पक्षकारांसमक्ष, पुढील अभ्यासकांस करतां येईल. इत्यलम्.